सावरीवरच्या माशा आणि शिवेवरचा बँड

वहिनी,

तुमच्या माशा आल्या.

यंदा आपल्या घरात दिवाळी नव्हती. पणत्या विझल्या की थोड्या दिवसांत त्या येतात, हे तुमचं पंचांग. पण पणत्याच लावल्या नाहीत, तर पंचांग कशावरून बघायचं? त्या दिवशी सकाळी दादा ओट्यावर चहा घेऊन बसला होता. तुम्ही गेल्यापासून तो आपण होऊन बोलत नाही. विचारलं तर मान हलवतो, वाढलं तर खातो. त्याने कप खाली ठेवला, खळ्याच्या कडेच्या सावरीच्या झाडाकडे बघितलं आणि म्हणाला, "आल्या."

मला वाटलं, कुणी पाहुण्या आल्या. बाहेर येऊन वर बघितलं, तर तीच आडवी फांदी आणि तिच्याखाली तीच काळपट तपकिरी झूल. जवळजवळ दोन हात रुंद, नुसत्या मधमाशांची, जिवंत. नेहमीच्या सवयीने मी मोठ्याने म्हणून गेलो, "आली का पीडा परत!" आणि मग उत्तराची वाट बघत उभा राहिलो. स्वयंपाकघरातून "भावजी, जिभेला हाड हाय का?" असं यायला हवं होतं. आलं नाही. मग मी त्या सावरीखाली उभा राहून रडलो, वहिनी. माझी बायको दारातून बघत होती. सुनंदाचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, ती सरळ आत गेली आणि भाकरी थापायला लागली.

महाळुंगे पडवळच्या या घरात तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी शाळेत होतो. सावर होती, माशाही होत्या. आम्ही त्यांना भीत होतो आणि मोहोळ उतरवणारा कधी गावात आला, तर त्याला बोलावून, धूर करून मोकळे होत होतो. तुम्ही आलात आणि हे बंद झालं. तुमचं माहेर तिकडे जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या अलीकडच्या वाडीत. तिथे कड्याला ओळीने आग्या मोहोळं लटकलेली, आणि कड्याखालून जाताना शीळ घालायची नाही, कुणाला मोठ्याने हाक मारायची नाही, अशी तुमच्या गावची रीत. ती रीत तुम्ही पदरात बांधूनच आणलीत. आमच्या घरात बोलणं म्हणजे एका वावरातून दुसऱ्या वावरात आरोळी. तुम्ही नव्या नवरीच्या नवलाईत सासऱ्यांना सांगितलंत, "मामा, खळ्यात जरा हळू बोला, वर पिल्लं हायेत." आमच्या वडिलांना आयुष्यात कुणी हळू बोला म्हणून सांगितलं नव्हतं. ते खळ्यात कुजबुजायला लागले.

तुमचा ठाम समज असा, की उन्हाळ्यात घाटावर जांभूळ आणि हिरडा फुलला की या माशा तुमच्या माहेरी जातात आणि दिवाळी झाली की परत सासरी येतात. मी म्हणायचो, "वहिनी, उलटं झालं की. दिवाळीला पोरी माहेरी जातात, सासरी येत नाहीत."

"मग त्यांचं म्हायेर हितं आसंल. माज्या वाडीला त्यांचं सासर."

"म्हणजे तुमच्या वाडीला आमच्या पोरी दिल्यात?"

"व्हय, आन् लई काम करत्यात बिचाऱ्या. तुमच्यासारक्या न्हाईत."

एकदा कांद्याच्या बियाण्याविषयी सांगायला शेती खात्याचे एक साहेब गावात आले होते. त्यांनी सांगितलं, कामकरी माशी फार तर दोन-तीन महिने जगते. मला तेवढंच पाहिजे होतं. मी धावत घरी येऊन तुम्हाला सांगितलं, की ज्या जातात त्या येतच नाहीत, तुम्ही ज्यांना ओवाळायला निघता त्या दुसऱ्याच असतात. तुम्ही परातीत कणीक मळत होता. मग म्हणालात, "आसं कसं? मग नेमकी हीच फांदी कोण दावतं त्यांना?"

मी म्हणालो, जुन्या मेणाचा वास राहत असेल फांदीला. तुम्ही म्हणालात, पावसात चार महिने धुऊन निघती फांदी, कसला डोंबलाचा वास. यावर आपलं कधीच मिटलं नाही. मी अजून वासावरच अडून आहे.

पण तुमच्यामुळे मी वर बघायला शिकलो, हे खरं. तोवर माशी आम्हाला तिच्या काट्यापुरतीच माहीत होती. तुम्ही दाखवलंत, की इतर मधमाशा खोडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या कपारीत लपून राहतात, आणि ही मोठी आग्यामाशी उघड्यावर एकच पोळं बांधून आपल्या अंगाचंच पांघरूण त्याच्यावर घालते. मध वर फांदीजवळ, जिथे पोळं उशीसारखं जाड असतं, पिल्लं खाली. दुपारी कधीतरी सगळा थवा एकदम उठायचा, सावरीभोवती घोंगावायचा आणि खाली पिवळ्या ठिपक्यांचा सडा पडायचा. आमच्या शेजारच्या काकूंना तो अपशकून वाटला होता. तुम्ही दोरीवरचे कपडे भराभर ओढत म्हणालात, "काई न्हाई वो, पोट साफ करत्यात. पिल्लांच्या अंगाव घाण नको म्हून भाईर येत्यात." दादाच्या पांढऱ्या टोपीवर ते ठिपके किती वेळा पडले आणि त्याने तुम्हाला किती वेळा नुसतं बघून घेतलं!

आणि ती लहर. एखादी गांधीलमाशी पोळ्याजवळ घिरटी घालायला लागली, की वरून खालपर्यंत सगळ्या माशा एकीमागून एक पाठी उचलायच्या. वाऱ्याने ज्वारीच्या रानावरून लहर जावी, तशी ती पोळ्यावरून जायची आणि गांधीलमाशी तोंड फिरवून निघून जायची. तुम्ही तुमच्या लहान संदीपला कडेवर घेऊन ते दाखवायचात. "बघ, अंगाव काटा आला त्यांच्या."

त्या निघून गेल्या, की रिकामं पोळं वाळून खाली पडायचं. तोवर सावरीचा कापूस खळ्यात उडत असायचा. तुम्ही दोन्ही गोळा करायचात. कापसाच्या उशा, आणि पोळं वितळवून, फडक्यातून गाळून मेण. थोडं दादाच्या टाचांच्या भेगांना, बाकीचं तुमच्या डबीत, कपाळावर कुंकवाखाली लावायला. सगळ्या गावाने टिकल्या लावल्या तरी तुमचं कपाळ मेणाचंच राहिलं. परवा सुनंदाने ती डबी उघडली. मेणात तुमच्या बोटाचा खळगा आहे. तिने डबी तशीच झाकून देव्हाऱ्यात ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, भावजी आज लई गोड बोलायला लागले. थांबा, भांडणाकडे येतोच आहे.

त्याआधी घारीचा दिवस. ती घार नव्हती, मोहोळं फोडणारा मधुबाज होता असं मी नंतर ऐकलं, पण आपण घारच म्हणत आलो. तिने भर दुपारी पोळ्यावर झडप घातली, लचका तोडून नेला आणि मी नेमका खाली शेंगा वाळत घालत होतो. माशांना मीच सापडलो. एक चावली, की तिच्या काट्याच्या वासावर बाकीच्या येतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी ओरडत विहिरीकडे पळालो. तुम्ही ओट्यावरून घोंगडी घेऊन धावत आलात, मला खाली पाडलंत आणि घोंगडी टाकून माझ्यावर पडून राहिलात. "हिरीत उडी मारू नगा, वर थांबून ऱ्हात्यात त्या! हलू नगा!" तुमचे दोन्ही हात उघडे होते. नंतर माझ्या तोंडावरचे काटे तुम्ही बांगडीच्या कडेने खरवडून काढलेत, तेव्हा तुमच्याच मनगटात काटे दिसत होते. माझं तोंड सुजून गुळाच्या ढेपेएवढं झालं होतं आणि त्या तोंडाने मी म्हणालो, "आता तरी जाळायचं हे."

तुम्ही म्हणालात, "घारीनं मारलं त्यांना. त्यांनी समोर दिसंल त्याला मारलं. तुमी तरी येगळं काय करता?"

मला राग लवकर येतो, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत, की मला रागच आला.

आणि मग माझं लग्न. नव्वदनंतरची ती वर्षं, बँडशिवाय लग्न म्हणजे मिठाशिवाय कालवण. आळेफाट्याला माझे मित्र गॅरेजात होते. त्यांच्या ओळखीने मी बँड ठरवला होता, लाल कोट, पिवळ्या दोऱ्या, गाड्यावर लायटिंग. सुनंदाच्या गावाला पाण्याची ओरड, म्हणून लग्न आपल्या खळ्यात घ्यायचं ठरलं. मुहूर्त माघातला. आणि माघात सावर फुलांनी लाल झालेली, एकाच्या जागी चार-पाच पोळी लटकलेली. आग्या मोहोळाखाली ताशा वाजवणं म्हणजे काय, ते सांगायला नको. मी म्हणालो, मोहोळवाला बोलावतो. तुम्ही पाटावर बसून तांदूळ निवडत होता, मान वर न करता म्हणालात, "लेकुरवाळ्या बायांना दारातनं हाकलायचं आन् तितंच मंगल कार्य करायचं? जमायचं न्हाई."

"मग काय मुक्याने लग्न लावायचं?"

"लावा की. मंतर काय ढोलाव म्हनत्यात व्हय?"

मी दादाकडे गेलो. दादा म्हणाला, "तिला विचार." मी वडिलांकडे गेलो. त्यांनीही, कुजबुजत, तेच सांगितलं. दोन दिवस मी जेवलो नाही आणि तुम्ही दोन्ही दिवस माझ्या आवडीचं पिठलं केलंत.

तसं लग्न पुन्हा कुठे झालं नसेल. लाउडस्पीकर नाही, फटाके नाहीत. आचाऱ्याची चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पार पाण्याच्या पाटापलीकडे. तुम्ही मांडवाच्या तोंडाशी उभ्या राहून प्रत्येकाचा वास घेत होता. अत्तर लावून आलेल्याला आधी हौदावर हातपाय धुवायला लावत होता. पाहुणे इतके हळू बोलत होते, की सुनंदाच्या आत्याने कुणाला तरी विचारलं, "घरात कुनी आजारी हाय का?" बँडवाले लाल कोट घालून, वाद्यं मांडीवर घेऊन शाळेतल्या पोरांसारखे ओळीत बसले होते. भटजी मंगलाष्टकं कानात सांगितल्यासारखी म्हणत होते. आणि शेवटचं सावधान झालं तेव्हा, आयुष्यभर लग्नं लावलेल्या सुनंदाच्या मामांच्या तोंडून सवयीने गेलंच, "वाजवा रे वाजवा!"

ताशावाल्याचे हात वर गेले. तुम्ही तिथे कशा पोचलात मला माहीत नाही, पण त्याचं मनगट तुमच्या मुठीत होतं. सगळा मांडव वर बघत होता. पहिल्या पोळ्यावरून लहर गेली. मग दुसऱ्या. अंतरपाट धरणारे तसेच धरून, माझ्या हातातला हार हातात. लहर एकदा पुन्हा वरून खाली गेली आणि थांबली. कुणीतरी सुस्कारा सोडला. तुम्ही ताशावाल्याला हळूच म्हणालात, "जेवून घ्या आदी." मांडवात पाचशे माणूस तोंडावर पदर नि उपरणं धरून हसत होतं. मी सोडून.

दिवस कलल्यावर तुम्ही मला आणि सुनंदाला बैलगाडीत बसवलंत. मला वाटलं, देवाला. गाडी देवळावरून पुढे गेली, ओढा ओलांडला आणि गावच्या शिवेवर आली. तिथे बाभळीखाली बँड उभा होता. तुम्ही पदर खोचलात आणि म्हणालात, "हां, आता वाजवा किती वाजवायचं ते!" आणि त्या मोकळ्या माळावर, ना वऱ्हाड ना पाहुणे, तो बँड आमच्या दोघांसाठी वाजला. तुम्ही एकट्या नाचलात. चपला एकीकडे, धूळ उडतेय, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळतंय. मधेच हात करून हाक मारत होता, "या की भावजी! उतरा की खाली!" मी गाल फुगवून गाडीत बसून राहिलो. सुनंदा उतरली. नवी नवरी, मुंडावळ्या बांधलेल्या, तुमच्या हातात हात घालून नाचली. गाडीपाशी उरलो बैल हाकणारा, मी आणि बैल.

त्यानंतर सतरा-अठरा वर्षं आपण एकच भांडण भांडलो. मी म्हणायचो, माझ्या लग्नात बँड वाजला नाही. तुम्ही म्हणायचात, वाजला. मी म्हणायचो, शिवेवर वाजलेला लग्नात धरत नाहीत. तुम्ही म्हणायचात, कानाला ऐकू आला ना? दर माघात, सावर लाल झाली, की हे सुरू. शेवटी तुम्ही कबूल केलंत, की संदीपच्या लग्नात दोन बँड लावू, एक संदीपचा आणि एक भावजींचा. वैशाखात लग्न धरू, माशा घाटावर गेलेल्या असतील. या उन्हाळ्यात संदीपचा साखरपुडा झाला, तेव्हा तुम्ही सुनंदासमोर माझ्या हातावर साखर ठेवून म्हणालात, "दोन बँड. पर लग्न खळ्यातच, सावरीसमोर."

आणि श्रावण सरता सरता तुम्ही निघून गेलात. साधाच ताप आहे म्हणत होता.

तुम्ही कधीतरी थट्टेने म्हणाला होतात, "मला पावसाळ्यात न्या, म्हंजी वाजवत नेता येईल." तसंच झालं. खळ्यातून तुम्हाला नेलं तेव्हा फांदी मोकळी होती. भजनकरी मला विचारायला आले, टाळ वाजवू का म्हणून. मी म्हणालो, वाजवा. तुमच्यासाठी वाजलं, वहिनी, आणि भरपूर वाजलं. मला त्या गर्दीतही वाटून गेलं, की ही बाई इथेही मला हरवून गेली.

आता मूळ गोष्ट सांगतो, जिच्यासाठी लिहायला बसलो. घरात असं झालं, की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर पुढे तीन वर्षं थांबायचं. मुहूर्त निघाला तो नेमका माघातला; वैशाखात दोन्ही घरांना जमेल असा निघेना. दादाने एकच गोष्ट सांगितली, "खळ्यात. तिनं सांगितलंय." म्हणजे पुन्हा तेच, वहिनी. खाली मांडव आणि वर माशा.

गेल्या रविवारी आळेफाट्याहून मुलीचे वडील आले होते. गॅरेजवाले, मोठ्या आवाजाचे, मनाने चांगले. सावरीखालीच उभे राहून गरजले, "पावणं, माजी एकुलती येक लेक. डीजे म्या लावनार. त्ये मव्हळ तेवढं काढून टाका." मी वर बघितलं आणि त्यांना दंडाला धरून ओट्यावर आणलं. संदीप चाकणच्या कंपनीत असतो, त्याच्या मोबाईलमध्ये एका माणसाचा नंबर होता. तो म्हणाला, "काका, तो मानूस येका दिसात साफ करून देतो. फोन करू का?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण या घरात बँडसाठी माझ्याएवढं कुणीच रडलेलं नाही.

मी म्हणालो, "पावणं, आमच्या घरात तसं चालत न्हाई. आमची रीत हाय. माशा आसल्या, की लग्न मुक्यानं लागतं. मंगलाष्टकं हळू, फटाके न्हाईत, अत्तर न्हाई. मंग संध्याकाळी शिवेव जायचं आन् तितं बँड लावायचा. सगळ्यांनी नाचायचं."

"आसली कसली रीत? कदी ऐकली न्हाई."

"पिढ्यान्‌पिढ्या हाय," मी म्हणालो.

संदीप म्हणाला, "पर काका, तुमीच तर..." मी ओट्याखाली त्याच्या पायावर पाय दिला. पाहुण्यांचं समाधान झालेलं दिसेना. ते दादाकडे वळले. दादा सावरीकडे बघत बसला होता. मला वाटलं, आता मान हलवेल आणि सगळं माझ्या अंगावर येईल.

दादा म्हणाला, "आजोबांच्या बारीपासनं हाय."

इतकं सरळ खोटं मी त्याच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं. पाहुण्यांनी हात जोडले. रीत म्हटल्यावर कोण काय बोलणार! चहा घेताना ते इतके हळू बोलत होते, की सुनंदाला पदराने तोंड झाकून आत पळावं लागलं. ते गेल्यावर दादा माझ्याकडे बघून हसला. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. मग हसता हसता त्याला रडू आलं आणि मी त्याच्याजवळ बसून राहिलो. वर त्या घोंगावत होत्या.

तुमच्या हयातीत एक गोष्ट बोललो नाही, ती आता बोलतो. त्या दिवशी शिवेवर वाजला तसा बँड मी पुन्हा कुणाच्या लग्नात ऐकला नाही. तो लग्नातच धरायचा. तुमचं बरोबर होतं. फांदीच्या वासाचं मात्र माझंच बरोबर आहे.

एका लग्नाने रीत होत नाही, वहिनी. दुसरं झालं की होते. माघात शिवेवर बैलगाडी जाईल, बाभळीखाली बँड उभा असेल, संदीप आणि त्याची बायको गाडीत बसलेली असतील. तुम्ही मला तिथे हाक मारली होतीत.

या वेळी मी उतरतो खाली.